पाहिलं का ऐकलं?

लातूर भागात दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच बोलणं असतं. सायन्सला कुठं नंबर लागतो, ट्यूशन कुणाकडं लावायची, खोली कुठं बघायची. 'लातूर पॅटर्न'नं इकडच्या शेतकऱ्यांच्या, सालगड्यांच्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, त्याचं मोल मला पुरतं ठाऊक आहे. माझा थोरला भाऊ त्याच वाटेनं गेला आणि आमचं घर सावरलं. पण त्याच शहरात, त्याच आवारांत, बहुतेक वेळा मागच्या बाजूच्या इमारतीत आर्ट्सचेही वर्ग भरतात. त्यांच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही. निकालाच्या जाहिरातीत त्यांचे फोटो नसतात. 2003 साली मी अशाच एका वर्गात अकरावीला आले. आज माझ्यापाशी जे काही आहे ते त्या वर्गानं दिलेलं आहे, असं मी मनापासून मानते.

वर्गात औसा-निलंग्याकडून एसटीच्या पासवर येणाऱ्या पोरी होत्या. पहाटे ग्राउंड मारून ओल्या केसांनी येणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं होती. सायन्समधून परत आलेले दोघं-तिघं कायम शेवटच्या बाकावर असायचे. कुणाचं लग्न ठरत आलं होतं, तर कुणी खुरपणीच्या दिवसांत आठवडाभर दिसायचंच नाही. आमच्यातल्या फार थोड्यांना कुणी विचारलं होतं की तुला काय शिकायला आवडेल. मलाही नव्हतं विचारलं. भावाच्या ट्यूशनची फी भरून झाल्यावर घरात जे उरलं, त्यात आर्ट्सच बसत होतं.

'काहीच जमलं नाही म्हणून आर्ट्स' असं तोंडावर म्हणणारी माणसं तेव्हा होती, आजही आहेत. मी आता एका ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते. ॲडमिशनच्या दिवसांत पालक टेबलासमोर बसून, पोरगी शेजारी उभी असताना हे म्हणतात. पोरगी खाली बघते. मला ते सहन होत नाही. म्हणून त्या वर्गात नेमकं काय घडलं, ते एकदा नीट लिहायचं ठरवलं.

आमचे इतिहासाचे सर काही फार रंगवून शिकवणारे नव्हते. आवाज बारीक, मागच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. सनावळीच्या बाबतीत कडक. वहीत 'शूर', 'क्रूर', 'थोर' असं विशेषण दिसलं की त्यावर लाल पेनानं गोल करायचे आणि शेजारी लिहायचे, 'कोण म्हणालं?' आम्हाला त्याचा राग यायचा. निबंधात तर असेच शब्द घालायला शिकवलं होतं आम्हाला.

17 सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला. मराठवाड्यात हा दिवस म्हणजे झेंडावंदन, प्रभात फेरी, हुतात्मा स्मारकाजवळची भाषणं. देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, पण आपण निजामाच्या राज्यात होतो, आपल्याला आणखी तेरा महिने थांबावं लागलं, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ ही लढ्याच्या पुढाऱ्यांची नावं पाठ. कासिम रझवी आणि निजामाच्या बाजूनं दहशत माजवणारे त्याचे सशस्त्र रझाकार पाठ. 13 सप्टेंबर 1948 ला भारताच्या फौजा आत शिरल्या, त्यालाच पोलीस ॲक्शन म्हणतात, आणि 17 तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली, हेही पाठ. सरांनी ते आमच्याकडून एकदा म्हणून घेतलं आणि म्हणाले, "हे झालं पुस्तकातलं. आता आपापल्या गावात जायचं आणि त्या वेळी जी माणसं कळती होती त्यांना विचारायचं. या कामाला मार्क नाहीत."

मार्क नाहीत म्हटल्यावर निम्मा वर्ग तिथंच गळाला. राहिलेल्यांना सरांनी एक कागद आखून दिला. वर सांगणाऱ्याचं नाव, गाव, तेव्हाचं अंदाजे वय आणि घरी तेव्हा काय कामधंदा होता. त्याखाली दोन रकाने. एकावर लिहिलं होतं 'पाहिलं', दुसऱ्यावर 'ऐकलं'. माणूस जे सांगेल त्यातलं प्रत्येक वाक्य या दोनपैकी कुठं बसतं, ते त्यालाच विचारून लिहायचं. एवढंच काम.

पहिली अडचण वयाची आली. म्हातारी माणसं जन्मसाल सांगत नाहीत. मग उलट मोजत जायचं. बहात्तरच्या दुष्काळात तुमचं थोरलं पोरगं केवढं होतं? "खडी फोडायला येत हुतं की, सुकडी खायला आधी पळायचं." म्हणजे बारा-तेराचं धरा. लग्न झालं तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन गेली होती का? "झाली हुती, लेवी बंद झाली हुती." असं करत करत माणूस 1948 मध्ये किती वर्षांचा होता तिथवर पोचायचं. कॅलेंडराशिवाय काळ मोजण्याची एक अख्खी पद्धत माझ्या गावाकडं होती आणि मी तिच्यातच वाढले होते, हे मला त्या कागदामुळं कळलं.

माझ्या गावात वाडा असलेले एक बप्पा होते. नाव लिहीत नाही, गावाचंही लिहीत नाही. कारण पुढं येईल. बप्पा बोलायला बसले की संध्याकाळ व्हायची. निजाम सरकारची लेव्ही वसूल करायला माणसं यायची, घरातलं धान्य मोजून न्यायची. बप्पांच्या वडलांनी खंडीभर ज्वारी बळदात लपवली. बळद म्हणजे जुन्या वाड्यात धान्य साठवायची अंधारी खोली, वरून तोंड असलेली. त्या तोंडावर फळी टाकली, फळीवर माती, मातीवर शेणाचं सारवण, आणि त्यावर म्हातारीची बाज. लेव्हीवाले बाजेजवळ उभं राहून पाणी पिऊन गेले. हे बप्पांनी स्वतः पाहिलं होतं; पाणी त्यांनीच दिलं होतं. शिंदीची झाडं रात्रीतून तोडली, म्हणजे सरकारचा अबकारीचा पैसा बुडावा, त्यात त्यांचा चुलता होता. बार्शी-सोलापूरकडं, निजाम हद्दीच्या बाहेर, चळवळीतल्या लोकांचे कॅम्प होते. चुलता तिकडं गेला तो पोलीस ॲक्शननंतरच परत आला. आणि रझाकारांनी शेजारचं गाव जाळलं, तेही बप्पांनी सांगितलं.

मी विचारलं, "पाहिलं का ऐकलं?"

बप्पा थोडे चिडले. म्हणाले, "माळवदावर चढून बगितलं की. ह्या एवढाला धूर." मग जरा थांबून स्वतःच म्हणाले, "धूर बगितला. लावणारे न्हाई बगितले. ते दुसऱ्या दिवशी तिथनं आलेल्या बायांनी सांगितलं."

मी तसंच लिहिलं. धूर एका रकान्यात, जाळणारे दुसऱ्या. ते गाव जळालं होतं आणि रझाकारांनीच जाळलं होतं, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. पण एका वाक्यात जोडून आलेल्या दोन गोष्टी वेगळ्या होताना मी पहिल्यांदा पाहिल्या. सत्तरीचा माणूस आपलीच आठवण उलगडून बघतोय आणि समोर सोळा वर्षांची पोरगी पेन धरून बसली आहे. त्यांनी मला रागावून घालवलं नाही, हे आज आठवलं की त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

त्यांच्याकडच्या पत्र्याच्या पेटीत एक कागद होता, उर्दूतला. जमिनीचा काहीतरी व्यवहार आहे एवढंच घरात माहीत होतं. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू, त्यामुळं आमच्याकडं कितीतरी घरांत असे कागद आहेत, जे घरातल्या कुणालाच वाचता येत नाहीत. औशाला एक निवृत्त उर्दू मास्तर होते, सरांनी त्यांचा पत्ता दिला. मास्तरांनी भिंग लावून कागद वाचला. गहाणखत निघालं. साल 1352, फसली, म्हणजे निजामाच्या कारभारातली कालगणना. त्यात 590 मिळवायचे म्हणजे 1942 येतं, हे त्यांनी मला बोटांवर करून दाखवलं. रक्कम हाली रुपयांत होती. निजामाचं स्वतःचं नाणं हाली आणि इंग्रजांचं कलदार. सात हालीला सहा कलदार असा साधारण भाव. मी तिथंच वहीच्या मागच्या पानावर गणित करून बप्पांच्या वडलांचं कर्ज कलदारात काढलं. दहावीपर्यंत मला गणित नकोसं वाटायचं. त्या दिवशी उत्तर बरोबर यावं म्हणून मी ते पुन्हा पुन्हा तपासलं, कारण त्या आकड्यामागं एक माणूस होता आणि त्याचं शेत होतं.

चाचींकडं मी सगळ्यात शेवटी गेले. मनियार चाची, आमच्या गावात घरोघर काकणं भरणाऱ्या. माझ्या आईच्या लग्नातला चुडा त्यांनीच भरलेला. आमच्याशी मराठीत बोलायच्या, घरात दखनीत. मी समोर बसल्याबरोबर त्यांनी सवयीनं माझा हात हातात घेतला आणि बोटांची पेरं दाबायला लागल्या. काकणं चढवायच्या आधी हात मऊ करतात तसं. काकणं भरायची नव्हती, तरी हात काही सोडला नाही.

"आता काय इचारलालीस, माय?"

मी सांगितलं. रझाकारीचं साल, पोलीस ॲक्शन. त्यांचा हात चालूच होता. म्हणाल्या, "धा-बारा वर्साची आसंन मी. बळदात हुतो आमी. अम्मी, मी अन् धाकला भाऊ. वर फळी टाकली हुती."

कुणाच्या बळदात? त्यांनी घर सांगितलं. बप्पांचंच.

किती दिवस? "कसं सांगू? तितं दिस कुटं दिसतो? वरून भाकरी यायची. भाऊ रडायला लागला की अम्मी तोंडावर हात ठेवायची."

मग?

"मग भाईर काडलं. आब्बा नव्हते."

एवढंच. मला कागदावरचा पुढचा प्रश्न माहीत होता. पाहिलं का ऐकलं? तो मी विचारला नाही. चाचींनी हात सोडला, आत जाऊन चहा ठेवला आणि पुढं फक्त माझ्या आईची चौकशी केली.

मी तशीच बप्पांकडं गेले. बळदातल्या ज्वारीची गोष्ट एवढी रंगवून सांगितली, मग ही का नाही सांगितली? बप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते कशाला लिवतीस? ज्यांनी केलं त्यांची बी घरं हायेत गावात. नातवंडं हायेत." आणि मी उठल्यावर मागून म्हणाले, "लिवलं तर गावाचं नाव टाकू नको." तो शब्द मी आजवर पाळलेला आहे.

पुढच्या सोमवारी सरांनी सगळ्यांचे कागद फळ्यावर उतरवून घेतले. कुणाच्या आजोबांनी नळदुर्गाजवळ सोलापूरच्या रस्त्यानं येणारी रणगाड्यांची रांग पाहिली होती. कुणाच्या आजीला फक्त एवढंच आठवत होतं की त्या आठवड्यात बाजार भरला नाही. माझ्या पाळीला मी बप्पांचं सांगितलं, मग चाचींचं. वर्ग शांत झाला. आमच्या वर्गात मुसलमान पोरंही होती, त्यातल्या एकीनं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं नीट वळून पाहिलं. एक पोरगा उठून म्हणाला, "सर, पण 17 सप्टेंबरला तर आपण मुक्त झालो ना?"

सरांनी त्याला बसवलं नाही. म्हणाले, "झालो. निजामाचं राज्य गेलं, लेव्ही गेली, रझाकारांची दहशत गेली, मराठीत शिकता यायला लागलं. तुझ्या आजोबांनी सांगितलेलं खरं आहे. आता हिनं आणलेला कागदही खरा आहे. दोन्ही फळ्यावर राहू दे." मग खडू घेऊन त्यांनी दोन रकान्यांच्या शेजारी तिसरा आखला आणि त्यावर लिहिलं, 'सांगितलं नाही'. चाचींच्या नावासमोर त्या रकान्यात एक रेघ ओढली. बप्पांच्या नावासमोरही ओढली. तास संपला. घंटा झाल्यावरही पोरं बाकावरून उठली नाहीत, असा आर्ट्सच्या वर्गातला मला आठवणारा तो एकच तास.

पंडित सुंदरलाल समितीबद्दल मी फार नंतर वाचलं. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करायला भारत सरकारनंच तिला हैदराबाद संस्थानात पाठवलं होतं, 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात. तिच्या अहवालानुसार पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर मारल्या गेलेल्यांची संख्या, हात राखून धरली तरी, 27,000 ते 40,000. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं, आमचा जिल्हा वेगळा झाला तो 1982 ला. हा अहवाल सरकारनं कित्येक दशकं प्रसिद्ध केलाच नाही. 2013 च्या सुमारास दिल्लीत तो अभ्यासकांना बघायला मिळू लागला. शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवणारे हिंदू जागोजागी भेटले, हेही त्यात नोंदवलेलं आहे. ते वाचताना मला बळदावरची फळी दिसत होती. आमच्या सरांना 2003 मध्ये तो अहवाल हाताशी नव्हता. त्यांच्याकडं फक्त आखलेला कागद होता, आणि तो पुरेसा ठरला.

समाजशास्त्राच्या मॅडमनी पुढच्या वर्षी आम्हाला किल्लारीकडच्या एका पुनर्वसित गावात नेलं. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप आमच्या पिढीच्या अंगावरचा. पहाटे चारला थोडा वेळ असताना आईनं मला झोपेतच उचलून अंगणात आणलं होतं, तेवढंच मला आठवतं. नव्या गावात सरळ रस्ते, एकसारख्या ओळी. घरांचं माप मात्र जमिनीवर ठरलेलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या जमीनदाराला 750. मॅडमनी आम्हाला नुसतं घरं मोजायला आणि दारातल्या माणसाशी बोलायला लावलं. जुन्या गावातल्या गल्ल्या पडल्या, पण जमीन कुणाच्या नावावर होती हे काही पडलं नव्हतं, म्हणून कुणाचं घर केवढं हेही बरंचसं आधीच ठरलेलं होतं. हे वाक्य पुस्तकात नव्हतं, आमच्यातल्याच एका पोरीनं परतीच्या बसमध्ये ते काढलं. तिचे आई-वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला होते.

एसटीत, बाजारात अजून कुणीतरी विचारतं, आर्ट्सला काय असतं? हे असतं. पाठांतर असतं, अपेक्षित प्रश्नांची गाईडं असतात, कंटाळवाणे तासही असतात, मी ते नाकारत नाही. पण शेजारच्या माणसाला नीट विचारायचं कसं, त्याचं सांगणं त्याच्याच शब्दांत कसं उतरवायचं, दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना अडत असतील तर घाईनं एकीला खोटं न ठरवता कसं थांबायचं, हे मला दुसरीकडं कुठंही कुणी शिकवलं नसतं. आमच्यातले दोघं पुढं पोलीस झाले. त्यातला एकजण मला सांगत होता की तक्रार लिहून घेताना तो आजही मनात ते दोन रकाने आखतो.

आमच्या बॅचच्या वह्या मात्र गेल्या. सरांनी त्या स्टाफरूमच्या कपाटात गठ्ठा बांधून ठेवल्या होत्या. सर निवृत्त झाले, खोलीला रंग द्यायचा निघाला आणि गठ्ठा रद्दीत गेला. मला खूप उशिरा कळलं. चाचींचा कागद माझ्याकडं होता, कारण तो मी कधी जमाच केला नव्हता. बाकी तीस-पस्तीस म्हाताऱ्यांचं बोलणं कुठल्या तरी दुकानात पुड्या बांधण्यात संपलं असेल. त्याचं दुःख मला अजून आहे. 2023 ला मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव झाला, मोठाली भाषणं झाली. आमच्या तालुक्याच्या व्यासपीठावर 'मी पाहिलं' म्हणू शकणारा एकही माणूस नव्हता. बप्पा नाहीत, चाची नाहीत.

म्हणून माझ्या अकरावीला मी आता 1948 देत नाही. 1972 देते. तेव्हा दुष्काळी कामावर असलेली माणसं अजून आहेत, पण त्यांच्यातले सगळ्यात तरुण आता सत्तरीकडं आलेत. बारावीला किल्लारी. इतिहासाला आता 80 मार्कांचा पेपर आणि 20 मार्कांचं प्रकल्पाचं काम असतं, त्यामुळं निम्मा वर्ग गळत नाही, एवढा फायदा. काही पोरांचे आई-वडील दिवाळीच्या आगेमागे उसाला जातात, कर्नाटकात नाहीतर सांगलीकडं. त्यांच्या आजीशी फोनवर बोलून पोरं लिहून घेतात, आणि मी ते चालवून घेते. रकाने तीनच ठेवलेत. तिसऱ्यावर काय लिहायचं ते मी आधी सांगत नाही, तो मोकळाच देते.

आणि प्रत्येक वही दोन प्रतींत करून घेते. एक कॉलेजला जमा होते. दुसरी ज्या गावची असेल त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात, मुख्याध्यापकांची सही घेऊन. आतापर्यंत औसा आणि निलंगा तालुक्यांतल्या शाळांनी जागा दिली आहे. रेणापूरकडच्या दोन ठिकाणी विचारणा चालू आहे.